हिरव्या लोकरीचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटावी म्हणून सांगत नाही. ज्यांना पटवायचं होतं, ती माणसं एकेक करून गेली. त्या होडीतून गेलेल्यांपैकी आज फक्त माझी थोरली बहीण उरली आहे. मी स्वतः तिथे नव्हते. पण ताईने हे सगळं मला आयुष्यात तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही दुपारची आहे. थंडीचे दिवस, शनिवार, चार वाजायला आले होते.

ताईच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि सासरची सगळी मंडळी पहिल्यांदाच एकत्र सुट्टीला निघाली होती. फेरीबोटीने दोन तास गेलं की एक बेट लागायचं. तिथे चार दिवस राहायचं, एवढाच बेत. ताई, तिचा नवरा म्हणजे आमचे भावोजी, धाकटा दीर, त्याची बायको, सासूबाई आणि सासरे.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. घरातलेसुद्धा. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली होती त्यांनी. निवृत्त झाले तरी मैदान काही अंगातून गेलं नव्हतं. घरातून सहा माणसं बाहेर पडली की मास्तर मोजणी घ्यायचे. प्रत्येकाचा आकडा ठरलेला. मास्तर एक, सासूबाई दोन, भावोजी तीन, ताई चार, दीर पाच, जाऊ सहा. मास्तरांनी "एक" म्हटलं की पुढच्यांनी ओळीने आपापला आकडा ओरडायचा. फेरीबोटीच्या धक्क्यावर, खानावळीच्या दारात, कुठेही. लोक वळून बघायचे. जावेला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण मोजणी कधी सरळ पार पडली नाही. कारण सासूबाई.

"एक," मास्तर गरजायचे.

"आहे गं बाई, आहे," सासूबाई म्हणायच्या.

"आकडा सांग, आकडा."

"मी समोर उभी आहे ना? मग आकडा कशाला? चाळीस वर्षं झाली, दिसत नाही का मी?"

चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही "दोन" म्हटलं नव्हतं. घरातला तो नेहमीचा विनोद होता.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. डाव्या कानाने ऐकू कमी यायचं. हातात कायम विणकाम. त्या वेळी हिरव्या लोकरीचा काहीतरी लांबलचक प्रकार चालला होता, तो कुणासाठी आहे ते सांगत नव्हत्या. ताई पहिल्यापासून घाईची, आणि सासूबाई सगळं सावकाश करणाऱ्या. दोघींचं वैर नव्हतं. पण सूरही लागला नव्हता. त्या चार दिवसांत सासूबाईंसाठी थांबून थांबून ताई अगदी कावली होती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची फेरीबोट गाठायची होती. त्याआधी हाताशी तीन तास होते. धाकट्या दिराने टूम काढली, छोटी होडी करून वाळूचा पट्टा बघून येऊ.

समुद्रात थोडं आत, ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडायचा. दोन-अडीच तास. भरती आली की पुन्हा पाण्याखाली. जणू तिथे काही नव्हतंच.

होडीवाला म्हातारा होता. कमी बोलणारा. होडी वल्ह्यांची, लांबट. मागच्या बाकावर ताडपत्रीचं छप्पर, वारा लागू नये म्हणून. आणि पुढच्या टोकाला एक फळी ठोकलेली, तिला ओळीने खिळे.

चढताना त्याने प्रत्येकाला एक लाकडी बिल्ला दिला. साधा, गोल, दोरी ओवलेला.

"गळ्यात घाला. वाळूवर उतरताना या खिळ्यांना अडकवा. परत चढताना आपापला काढून घ्या. फळी रिकामी झाली की होडी सुटेल."

मास्तर हसले. "अहो, चारशे पोरं मोजलीत मी मैदानावर. ही सहा माणसं मोजायला लाकडं कशाला?"

"मैदानावर मोजा," होडीवाला म्हणाला. "पाण्यावर तोंडाने मोजत नाहीत."

"का बरं?"

त्याने वल्हं हातात घेतलं. मग म्हणाला, "आमच्यात नाही मोजत."

सासूबाईंच्या बिल्ल्याची दोरी कुजलेली होती, हातात घेताच तुटली. त्यांनी पिशवीतून हिरवी लोकर काढली, दाताने तोडली, आणि बिल्ला तीत ओवून गळ्यात घातला.

"बघा, दागिना," त्या म्हणाल्या. ताईसुद्धा हसली.

पट्ट्यावर उतरले तेव्हा ऊन होतं. सहा बिल्ले फळीवर लटकले. सगळी मंडळी शंखशिंपले शोधत लांब गेली. शंभरएक पावलांवर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले.

"अगं, जरा थांब ना."

"आई, तुम्ही बसा इथेच," ताई म्हणाली. "परत जाताना घेऊन जाऊ. सोडून नाही जाणार तुम्हाला."

हे वाक्य ती जरा चिडून बोलली होती. ताई मला हे प्रत्येक वेळी सांगते. चिडून बोलले होते गं मी.

वाळूत रुतलेल्या एका ओंडक्यावर सासूबाई विणकाम घेऊन बसल्या.

धुकं कधी आलं ते कुणालाच कळलं नाही.

आधी किनारा दिसेनासा झाला. मग ऊन विझलं. मग पाच हातांवरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायला लागला.

होडीवाल्याने हाक दिली. हाक म्हणजे ओरडणंच. "चला... पाणी फिरलं."

सगळे धावले. धावताना ताई दिराला म्हणाली, "आईंना घ्या." त्याला वाटलं ती म्हणतेय, मी घेतलंय. की तिला वाटलं तो हो म्हणाला... ते कधीच नीट उलगडलं नाही. दोघं आयुष्यभर एकमेकांना दोष देऊ शकले असते. पण त्यांनी तो कधी दिला नाही. दोघांनीही तो स्वतःलाच दिला.

होडी वाळूत रुतली होती. होडीवाला, भावोजी आणि दीर ती ढकलत होते. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. धुक्यात ज्याने त्याने चाचपडत आपला बिल्ला ओढला आणि मिळेल तिथे अंग टाकलं.

"फळी बघा," होडीवाला मागून ओरडला. "फळी रिकामी आहे का?"

मास्तरांनी फळी बघितली नाही. तीस वर्षांची सवय. त्यांनी छाती भरून घेतली.

"एक."

"दोन."

"तीन," भावोजी.

"चार," ताई.

"पाच."

"सहा."

"सगळे आले," मास्तर म्हणाले. "चला."

होडी सुटली.

धुक्यात फक्त वल्ह्यांचा आवाज. ताई पुढच्या बाकावर, फळीजवळ बसली होती. लांबून फेरीबोटीचा भोंगा ऐकू येत होता. थंडी हाडांत शिरत होती.

आणि मग तिला तो आवाज आला.

टक...

टक...

लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. होडी हलली की टक. थांबली की नाही.

तिने हात पुढे केला. फळीवरून बोटं फिरवली. रिकामा खिळा. रिकामा खिळा. रिकामा खिळा...

बोटांना लोकर लागली.

ओली, मऊ लोकर. तिला लटकलेला बिल्ला.

"अहो," ती भावोजींना म्हणाली, "आईंचा बिल्ला इथेच आहे."

"विसरली असेल काढायला. आई म्हणजे काय, तुला माहीत नाही?"

"पण आई कुठे आहेत?"

"मागे आहेत ताडपत्रीखाली," जाऊ म्हणाली. "मघाशी शाल दिसली मला."

"मोजणी झाली आहे, सूनबाई," मास्तर म्हणाले. "तुम्हीही ऐकलीत. दोन आले होते."

खरंच होतं. तिनेही ऐकलं होतं. मास्तर "एक" म्हणाले आणि मागून स्वच्छ, चटकन आवाज आला होता, दोन...

दोन.

तिने फळीवरचा बिल्ला मुठीत धरला.

"त्या दोन म्हणाल्या," ती हळूच म्हणाली.

"हो, मग?"

"मास्तर... आई कधी दोन म्हणतात?"

वल्ही थांबली.

ताई उठली. होडी कलंडली तसं कुणीतरी तिला ओढायला बघितलं, तिने हात झटकला. गुडघ्यांवर रांगत, माणसांच्या पायांवरून ती मागे गेली. ताडपत्रीखाली अंधार होता.

"आई?"



तिने ताडपत्री उचलली.

बाक रिकामा होता.

पण ओला होता. फक्त मधोमध, एक माणूस बसेल एवढाच. तिथून पाणी निथळत खाली फळ्यांवर पडत होतं... थेंब थेंब.

पुढे काय झालं ते सांगताना ताईचा आवाज अजून बदलतो. मास्तर उभे राहिले आणि वेड्यासारखे ओरडायला लागले. "एक. एक. अगं, ऐकतेस का? एक."

"दोन," उत्तर आलं.

होडीच्या उजव्या अंगाने. पाण्यावरून. अगदी जवळून.

"तिकडे आहे," दीर म्हणाला. "वळवा, तिकडे वळवा."

"तिकडे खडक आहेत," होडीवाला म्हणाला. "वाळू डावीकडे राहिली."

"अहो, आवाज तिकडून येतोय."

"म्हणूनच जायचं नाही." त्याने होडी डावीकडे वळवली. "मास्तर, तुमच्या पाया पडतो. आता मोजू नका."

पण मास्तर ऐकायच्या पलीकडे गेले होते. चाळीस वर्षं ज्या एका उत्तरासाठी ते बायकोवर ओरडले होते, ते उत्तर त्यांना मिळत होतं. पुन्हा पुन्हा. आता मागून. आता समोरून. "दोन... दोन..." शहाण्या मुलीसारखं, वेळेवर.

शेवटी भावोजींनी वडिलांच्या तोंडावर हात दाबला. आपल्या वडिलांच्या. ते रडत होते दोघेही.

होडीवाल्याने वल्हं खाली सोडून तळ चाचपला.

"वाळू हीच," तो म्हणाला. "कमरेएवढं पाणी आहे वर."

कमरेएवढं. सासूबाई ठेंगण्या होत्या. पोहता येत नव्हतं. गुडघे धरलेले. धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. आणि त्यांना हाक ऐकू जायला त्यांचा उजवा कान होडीकडे असायला हवा.

सगळे हाका मारत होते. आई, आई, आई. आणि प्रत्येक हाकेला कुठून तरी, खालून येतो तसा आवाज... दोन.

पाणी वर चढत होतं. होडीवाला एका जागी होडी धरून ठेवायला झगडत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. दीर कपड्यांसकट पाण्यात उतरायला निघाला, त्याला होडीवाल्याने दंडाला धरून खाली बसवलं. "एक गेली तेवढं पुरे."

गेली, म्हणाला तो. ताईने ते ऐकलं.

चार वर्षांत सासूला दिलेलं प्रत्येक उलट उत्तर तिला आठवलं. बसा इथेच. सोडून नाही जाणार.

आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

"गप्प बसा सगळे," ती म्हणाली. घरातल्या मोठ्या माणसांना ती आयुष्यात असं पहिल्यांदा बोलली.



ताईने दोन्ही हात तोंडाभोवती धरले. नाव नाही, आकडा नाही. भांडल्यासारख्या आवाजात, स्वयंपाकघरातून माजघरात ओरडावं तशी ती ओरडली.

"आई, तुम्ही आहात की नाही?"

पाण्याचा आवाज.

मग... काहीच नाही. तो आवाजही नाही. दोन म्हणणारा. त्याला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं.

"आई, आहात का?"

आणि लांबून, डावीकडून, धुक्याच्या पार आतून, खोकल्यात अडकलेला, वैतागलेला आवाज आला.

"आहे गं बाई, आहे. जाते कुठे?"

त्या ओंडक्यावर उभ्या होत्या. पाणी छातीपर्यंत आलेलं. विणकामाची पिशवी डोक्यावर. ओठ निळे पडले होते, पण पिशवी भिजू दिली नव्हती. दोघा मुलांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं.

वर आल्या... आणि अडकल्या.

पिशवीतून लोकरीचा धागा बाहेर आला होता. तो होडीच्या काठावरून खाली पाण्यात गेला होता. ताणलेला. तारेसारखा.

भावोजींनी तो ओढला.

खालून कुणीतरी परत ओढला.

एकदाच. हलकेच. लोकरीचा गुंडा कुणाच्या हातात दिला की ते माणूस धागा नीट करतं, तसा.

होडीवाल्याने सुरी काढून धागा कापला.

धुक्यामुळे फेरीबोट उशिरा सुटणार होती, म्हणून मिळाली. आतल्या खोलीत खलाशांनी दिलेल्या दोन घोंगड्यांत सासूबाईंना गुंडाळून बसवलं. ताई त्यांचे तळवे चोळत होती.

"माझ्यासोबत कुणाला ठेवलं होतंत?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाला?"

"ती बाई. मी विणत होते, माझ्याकडे पाठ करून शेजारी बसली. नखशिखांत भिजलेली. म्हटलं, बाई, थंडी वाजेल. तर काही बोलली नाही. गुंडा घरंगळला, तो मात्र उचलून धरला तिने. मग ह्यांची आरोळी ऐकू आली, एक म्हणून. मी तोंड उघडेपर्यंत तीच म्हणाली, दोन." सासूबाईंनी विणकामाची पिशवी जवळ ओढली. "मी म्हटलं, अगं, तो माझा आकडा. तेव्हा ती वळली."

"मग?"

सासूबाईंनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

"मग काही नाही. धुकं होतं," त्या म्हणाल्या. याच्यापुढे त्यांनी कधीही काही सांगितलं नाही.

मास्तर कोपऱ्यात बसून होते. फेरीबोट सुटली तेव्हा त्यांनी सवयीने मान वर केली, माणसांवरून नजर फिरवली, ओठ हलले... आणि मिटले. त्यानंतर ते सात वर्षं जगले. घरात पुन्हा मोजणी झाली नाही. दाराची कडी वाजली तरी ते विचारायचे, "ती आहे ना आत?" आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "आहे बाई, आहे." त्यात आता वैताग नसायचा.

होडीवाल्याने पाच बिल्ले परत घेतले होते. सहावा घेतला नाही. "हा तुमच्याकडे ठेवा. पुन्हा या पाण्यावर आणू नका," एवढंच म्हणाला. ते हिरवं विणकाम ताईसाठी होतं, हे नंतर कळलं. तोकडी राहिलेली शाल. ती ताईने झिजेपर्यंत वापरली.

सासूबाई मास्तरांनंतर चार वर्षांनी गेल्या. अंथरुणात, झोपेत. ताईचा हात हातात होता. दोघींचा सूर नंतर असा लागला होता की पोटच्या लेकीलाही हेवा वाटावा.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

गेल्या महिन्यात मी ताईकडे राहायला गेले होते. ती एकटीच असते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, सगळं स्वतःचं स्वतः करते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर एक खिळा आहे. त्याला तो बिल्ला. हिरवी लोकर पार विटली आहे, पण तुटलेली नाही.

सकाळी दहाची वेळ. लख्ख ऊन. खिडक्या बंद, वारा नाही. मी तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. माझं हे असं, काही भरायला घेतलं की तोंडाने मोजते. लक्षातच आलं नाही.

"एक," मी म्हणाले.

आतल्या खोलीतून आवाज आला.

"दोन."

स्वच्छ. चटकन.

माझ्या हातातली डबी पडली. ताईने भाजी चिरायची थांबवली नाही. फक्त सुरी जरा सावकाश झाली. तिला हे नवीन नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कधीपासून चाललंय, ते मी विचारलं नाही.

तिने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. आणि अगदी हळू, विनवणी केल्यासारखं विचारलं,

"आई... तुम्ही आहात का?"

आम्ही दोघी थांबलो.

बराच वेळ थांबलो.

चौकटीवरचा बिल्ला तेवढा हलत होता. टक... टक...

आहे, असं कुणीच म्हणालं नाही.